नेटबँकिंग पहिल्यांदा सुरू करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांनी आजवर सगळे व्यवहार शाखेत जाऊन केले आणि आता घरून करायचं म्हणतात, त्यांच्यासाठी हे पान आहे. काही प्रश्न मी बँकेत नोकरीला असताना काउंटरवर ऐकले, काही निवृत्तीनंतर सोसायटीच्या जिन्यात. सगळं क्रमाने वाचायलाच हवं असं नाही. दुसरा प्रश्न मात्र गाळू नका.

नेटबँकिंग, मोबाइल बँकिंग आणि यूपीआय म्हणजे एकच ना?

नाही, आणि गोंधळ इथूनच सुरू होतो. बँकेच्या संकेतस्थळावर युजर आयडी आणि पासवर्ड टाकून आपलं खातं उघडणं म्हणजे नेटबँकिंग. तेच खातं बँकेच्या अॅपमधून उघडलं की झालं मोबाइल बँकिंग. स्टेट बँकेचं योनो, बँक ऑफ महाराष्ट्रचं महामोबाइल ही त्यातलीच. यूपीआय मात्र एका बँकेची सोय नाही. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने २०१६ मध्ये आणलेली ती सगळ्या देशाची व्यवस्था आहे. फोनपे, गुगल पे, भीम ही तिच्यात शिरायची दारं. पैसे तुमच्या बँकेतच असतात, फोनपेमध्ये नव्हे.

भाजीवाल्याला क्यूआर कोड स्कॅन करून चाळीस रुपये द्यायचे तर यूपीआय. मुदत ठेव करायची, चेकबुक मागवायचं, व्याजाचा दाखला काढायचा, नॉमिनीचं नाव पाहायचं तर नेटबँकिंग किंवा बँकेचं अॅप. त्यामुळे ‘मी गुगल पे वापरतो, मला नेटबँकिंग कशाला’ हे म्हणणं अर्धंच बरोबर आहे.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं?

खाते क्रमांक, पासबुकावर छापलेला ग्राहक क्रमांक (काही बँका त्याला सीआयएफ म्हणतात), चालू डेबिट कार्ड, आणि बँकेत नोंदवलेला मोबाइल नंबर. पहिल्या तीन गोष्टी सापडतात. अडतं ते चौथ्यापाशी.

बँकेत नोंदवलेला नंबर ही या सगळ्या व्यवहाराची किल्ली आहे. पासवर्ड विसरलात तर नवा याच नंबरावर आलेल्या ओटीपीने मिळतो, यूपीआय सुरू होताना अॅप याच नंबरावरून मेसेज पाठवून तुम्हाला ओळखतं, आणि खात्यातून पैसे गेल्याची वर्दीही इथेच येते. पण खातं उघडलं त्या वर्षीचा नंबर आज कोणाकडे आहे? कित्येकांच्या खात्याला मुलाचा नंबर असतो आणि मुलगा असतो बेंगळुरूला. काहींच्या खात्याला एजंटचा किंवा ओळखीच्या दुकानदाराचाही असतो. काहींनी जुनं सिम केव्हाच ड्रॉवरमध्ये टाकलेलं असतं. प्रीपेड सिम ९० दिवस वापरलंच नाही, तर कंपनी ते बंद करू शकते आणि पुढे तोच नंबर दुसऱ्या कोणाला देऊ शकते. मग तुमच्या खात्याचे मेसेज एका अनोळखी माणसाला जात राहतात.

म्हणून बाकी काही करण्याआधी शाखेत जाऊन विचारा: ‘माझ्या खात्याला कोणता नंबर जोडलाय?’ तो तुमचा स्वतःचा, तुमच्या नावावरचा आणि तुमच्याच खिशातल्या फोनमधला हवा. नसेल तर आधी बदलून घ्या. तुमच्या नावावर आणखी किती सिम चालू आहेत, हे दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’वर फुकट कळतं. एकदा बघाच, कधी कधी धक्का बसतो.

नोंदणी घरबसल्या होते की शाखेत जावंच लागतं?

डेबिट कार्ड चालू असेल तर बहुतेक मोठ्या बँकांत घरूनच होते. संकेतस्थळावर किंवा अॅपमध्ये ‘नवीन वापरकर्ता’ निवडायचं, खाते क्रमांक आणि कार्डाचा तपशील भरायचा, मोबाइलवर आलेला ओटीपी टाकायचा आणि युजर आयडी-पासवर्ड ठरवायचा. कार्ड नसेल तर शाखेत फॉर्म भरावा लागतो.

पहिल्यांदा नोंदणी करणाऱ्यांना मी एक सुचवतो. फॉर्मवर किंवा स्क्रीनवर ‘फक्त पाहण्यासाठी’ आणि ‘व्यवहारासाठी’ असे दोन पर्याय दिसले, तर पहिला निवडा. महिनाभर नुसतं बघा: पेन्शन कधी जमा झाली, एलआयसीचा हप्ता कधी गेला, बँकेने कसले पैसे कापले. पासबुक भरून आणायला रांगेत उभं राहणाऱ्याला एवढंच पुष्कळ असतं. पैसे पाठवायची सोय नंतर चालू करून घेता येते.

माझं खातं सहकारी बँकेत आहे. तिथे नेटबँकिंग मिळेल?

बँकेवर अवलंबून आहे. व्यवहार करता येणारं नेटबँकिंग द्यायचं तर नागरी सहकारी बँकेला रिझर्व्ह बँकेच्या अटी पूर्ण कराव्या लागतात. सारस्वत, कॉसमॉस यांसारख्या मोठ्या बँकांत सगळी सोय आहे. तालुक्याच्या ठिकाणच्या छोट्या बँकेत कदाचित फक्त शिल्लक पाहता येईल, किंवा यूपीआय चालेल पण नेटबँकिंग नसेल. शाखेत ‘नेटबँकिंग आहे का’ एवढंच विचारू नका, ‘दुसऱ्या बँकेत पैसे पाठवता येतात का’ असं विचारा.

पतसंस्थेचं प्रकरण निराळं. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, हे सांगितलं की अजूनही लोक दचकतात. तिच्यावर देखरेख राज्याच्या सहकार खात्याची असते, रिझर्व्ह बँकेची नाही. तिचं अॅप कितीही झकास असलं तरी तिथल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं संरक्षण नाही. बँकेतल्या ठेवीला ते आहे: एका बँकेतल्या तुमच्या सगळ्या ठेवी मिळून, मुद्दल आणि व्याज धरून, ५ लाख रुपयांपर्यंत. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून लागू आहे, त्याआधी ती १ लाख होती. सहकारी बँकांनाही हे संरक्षण मिळतं.

खातं आमच्या दोघांच्या नावावर आहे. दोघांनाही नेटबँकिंग मिळतं का?

‘दोघांपैकी कोणीही’ या पद्धतीचं खातं असेल तर दोघांना वेगवेगळे युजर आयडी मिळतात. दोघांच्याही सह्या लागणारं खातं असेल तर बहुतेक ठिकाणी नुसतं पाहता येतं. एकाच आयडीवर दोघांनी काम चालवू नये. भांडण झालं तर कोणी काय केलं हे बँकेलाही सांगता येत नाही!

बँकेचं खरं संकेतस्थळ कसं ओळखायचं?

हे आता पूर्वीपेक्षा सोपं झालंय. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना आपले पत्ते ‘डॉट बँक डॉट इन’ या शेपटीवर आणायला सांगितलं आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. ही शेपटी बँकांनाच मिळते, भामट्याला विकत घेता येत नाही. पत्त्यात नुसतं बँकेचं नाव दिसलं म्हणून विसंबू नका, पत्ता संपतो कुठे ते बघा. एकदा नीट टाइप करून उघडलेलं पान ब्राउझरमध्ये बुकमार्क करून ठेवा आणि नेहमी तिथूनच जा.

गुगलवर शोधून बँकेत शिरायची सवय मोडा. कस्टमर केअरचा नंबर तर गुगलवर शोधूच नका. वर दिसणाऱ्या निकालांत भामट्यांचे नंबरही असतात, आणि तुम्हीच फोन केलेला असल्यामुळे संशयही येत नाही. खरा नंबर डेबिट कार्डाच्या मागे छापलेला असतो.

पासवर्ड डायरीत लिहून ठेवला तर चालेल का?

बँका नाही म्हणतात, आणि त्यांनी तसंच म्हटलं पाहिजे. माझं मत थोडं वेगळं आहे. सत्तरीतल्या माणसाने नातवाच्या नावापुढे १२३ लावून पासवर्ड ठेवण्यापेक्षा चांगला लांबलचक पासवर्ड ठेवावा आणि तो कपाटात कुलपाआड एका कागदावर, बँकेचं नाव न घालता लिहावा. तुमच्या कपाटात हात घालणारे कोण ते तुम्हाला ठाऊक असतं, इंटरनेटवरचे नसतात. पण यूपीआयचा आणि एटीएमचा पिन कुठेही लिहू नका, आणि पासवर्डचा फोटो काढून फोनमध्ये तर मुळीच ठेवू नका. फोनमधले फोटो कुठकुठल्या अॅपला दिसतात याचा हिशेब आपल्याला लागत नाही.

पासवर्डसाठी मराठीचा चांगला उपयोग होतो. घरातल्याच चार असंबद्ध वस्तू घ्या, रोमन अक्षरांत सलग लिहा, मध्ये एखादा आकडा आणि चिन्ह घाला. लक्षात राहतो आणि सहसा कोणाला सुचत नाही.

पैसे पाठवायला एनईएफटी, आरटीजीएस, आयएमपीएस असं काय काय दिसतं. काय निवडू?

एनईएफटीने पैसे दर अर्ध्या तासाच्या खेपेने जातात. डिसेंबर २०१९ पासून ही सोय रात्री-अपरात्री, रविवारी, सणासुदीलाही चालू असते, आणि बचत खात्यातून ऑनलाइन केलेल्या एनईएफटीला बँक शुल्क घेत नाही. आरटीजीएस किमान २ लाखांसाठी; पैसे लगेच पोचतात आणि डिसेंबर २०२० पासून तीही २४ तास चालते. आयएमपीएसने ५ लाखांपर्यंतची रक्कम काही क्षणांत जाते, काही बँका थोडं शुल्क लावतात. यूपीआयची साधारण मर्यादा दिवसाला १ लाख. रुग्णालय, शिक्षण अशा काही कामांसाठी ती जास्त आहे.

घाई नसेल तर एनईएफटी. फ्लॅटचा हप्ता बिल्डरला द्यायचा असेल तर आरटीजीएस. एवढं पुरे.

बेनिफिशियरी अॅड करायचा म्हणजे नेमकं काय?

ज्याला पैसे पाठवायचे त्याचं नाव, खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड आपल्या यादीत टाकायचा. आयएफएससीमध्ये ११ अक्षरं असतात: पहिली चार बँकेची, पाचवं नेहमी शून्य, शेवटची सहा शाखेची. पाचव्या जागी शून्याऐवजी इंग्रजी ओ टाकणारे रोज भेटतात, आणि ‘कोड चुकीचा आहे’ असं दिसलं की बँकेवर रागावतात.

महत्त्वाची गोष्ट अशी की बँक पैसे जमा करते ती खाते क्रमांक पाहून. नाव जुळतं की नाही हे ती पूर्वी बघतच नसे. एप्रिल २०२५ पासून एनईएफटी आणि आरटीजीएस करतानाही समोरच्या खात्यावरचं खरं नाव आधी दाखवायची सोय बँकांनी द्यायची आहे, तीही फुकट. ते नाव वाचा. ‘सुरेश’ला पाठवताना ‘सुनीता’ दिसलं तर थांबा.

नवीन बेनिफिशियरी टाकल्यावर काही तास पैसे जात नाहीत किंवा थोडेच जातात. ही अडवणूक मुद्दाम ठेवलेली आहे. कोणी तुमच्या खात्यात शिरलंच, तर तुम्हाला कळायला तेवढा वेळ मिळतो. अनुभवाने सांगतो, कोणालाही मोठी रक्कम पाठवण्याआधी १ रुपया पाठवा, त्याला फोन करून आल्याची खात्री करा, मगच उरलेली पाठवा.

आणि पैसे चुकीच्या खात्यात गेलेच तर?

तडक आपल्या बँकेला कळवा, लेखी. तुमची बँक समोरच्या बँकेला कळवते आणि ती त्या खातेदाराला विचारते. त्याच्या संमतीशिवाय बँक परस्पर पैसे काढून देऊ शकत नाही, म्हणून वेळ लागतो. माणूस भला असेल तर देतो, नसेल तर पोलीस आणि कोर्ट. म्हणूनच तो १ रुपया.

माझे पैसे कापले गेले, समोर पोचले नाहीत.

घाबरू नका आणि लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका. दोनदा जातात. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे यूपीआय किंवा आयएमपीएसने एखाद्याच्या खात्यात पाठवलेले पैसे पोचले नाहीत, तर ते व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. दुकानदाराला दिलेले असतील तर पाच दिवसांत. त्याहून उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही तुम्ही न मागता. प्रत्यक्षात मागावी लागते, हे वेगळं सांगायला नको. व्यवहाराच्या पावतीवर १२ अंकी संदर्भ क्रमांक असतो, तो जपून ठेवा. ‘काल दुपारी पाठवले होते’ एवढ्यावर बँकेत काही सापडत नाही.

पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागतो का?

नाही. कधीच नाही. ओएलएक्सवर जुनं कपाट विकताना ‘क्यूआर पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका, पैसे येतील’ असं कोणी म्हटलं तर फोन ठेवून द्या. पिन टाकला की पैसे जातात.

फसवणूक नेमकी कशी होते? मी ओटीपी कोणालाच देत नाही.

ओटीपी देऊ नका हे आता सगळ्यांना पाठ आहे, आणि हे भामट्यांनाही ठाऊक आहे. म्हणून ते आता ओटीपी मागतच नाहीत.

सध्याचा जोरातला प्रकार म्हणजे एपीके. व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका येते, आरटीओचं चलान येतं, पीएम किसानची यादी येते, ‘आज रात्री वीज तोडली जाईल’ म्हणून महावितरणच्या नावाने मेसेज येतो. सोबतच्या फाइलच्या नावाच्या शेवटी ‘डॉट एपीके’ असतं. ती पत्रिका नसते, ते अॅप असतं. ते फोनमध्ये बसवलं आणि मागेल ती परवानगी दिली, की तुमचे सगळे एसएमएस ते भामट्याकडे पाठवतं. मग तुम्हाला ओटीपी विचारायची त्याला गरजच काय? ओळखीच्या माणसाच्या नंबरावरून फाइल आली म्हणून ती खरी ठरत नाही. त्याचा फोन आधीच गेलेला असतो. अॅप फक्त प्ले स्टोअर किंवा अॅप स्टोअरवरूनच घ्या.

दुसरा प्रकार मदतीचा. ‘केवायसी अपडेट करून देतो, एनीडेस्क टाका.’ त्या अॅपने तुमची स्क्रीन त्याला दिसते. तिसरा, फोनवर ‘स्टार ४०१ स्टार’ आणि पुढे एक नंबर डायल करायला सांगतात. त्याने तुमचे येणारे कॉल त्या नंबरावर वळतात, आणि कॉलवर सांगितला जाणारा ओटीपी त्यांना ऐकू येतो.

आणि चौथा, ज्यात शिकलेसवरलेले, निवृत्त अधिकारीसुद्धा अडकतात: डिजिटल अरेस्ट. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस, मागे पोलीस ठाण्याचा देखावा, ‘तुमच्या आधारवर पार्सलात ड्रग्ज सापडलेत’. आपल्या कायद्यात डिजिटल अरेस्ट असं काही नाही. कुठलाही पोलीस, सीबीआय किंवा न्यायाधीश व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि ‘तपासणीसाठी’ पैसे दुसऱ्या खात्यात ठेवायला सांगत नाही. इथे पैसे आपणच, शुद्धीत, आरटीजीएसने पाठवतो. पासवर्ड कितीही मजबूत असला तरी उपयोग शून्य. कॉल बंद करा, घरच्या कोणाला तरी हाक मारा. ‘कोणाला सांगू नका’ असं जो सांगतो तो भामटाच.

बँकेचे मेसेज साध्या दहा अंकी नंबरावरून येत नाहीत, अक्षरांच्या नावाने येतात. बँकेचे कामाचे फोनही आता १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरांवरून येऊ लागलेत. तरी फोन कुठूनही आलेला असो, पिन आणि पासवर्ड सांगायचा नाही.

पैसे गेले! आता काय करू?

१९३०. हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनचा नंबर आत्ताच फोनमध्ये सेव्ह करा. तक्रार नोंदली की ज्या खात्यात पैसे गेले ते गोठवायचा निरोप पुढच्या बँकेला जातो. भामटे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळवतात, म्हणून पहिला तास मोलाचा. ‘मुलगा संध्याकाळी येईल, मग बघू’ म्हणू नका. लगेच बँकेच्या नंबरवर फोन करून कार्ड, यूपीआय आणि नेटबँकिंग बंद करून घ्या आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार करता येते. मेसेज डिलीट करू नका, लाज वाटली तरी.

ते पैसे बँक भरून देते का?

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक इथे कामाला येतं. बँकेच्या चुकीने पैसे गेले तर तुमची जबाबदारी शून्य. चूक बँकेचीही नाही, तुमचीही नाही, मधल्या व्यवस्थेत कुठेतरी घोळ झाला आणि तुम्ही बँकेची वर्दी मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलंत, तरी शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला १०,००० रुपयांपर्यंतचा आणि मूलभूत बचत खात्याला ५,००० पर्यंतचा तोटा सोसावा लागू शकतो. त्यापुढे बँकेच्या धोरणावर. कळवल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती खात्यात दाखवायची असते, आणि ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारीही बँकेचीच.

पण पिन किंवा ओटीपी तुम्हीच दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. इथेही घड्याळच महत्त्वाचं.

फोन हरवला तर? किंवा अचानक नेटवर्कच गेलं तर?

फोन हरवला तर आधी सिम बंद करा, मग बँकेला सांगा. फोन स्वतः ‘संचार साथी’वरून ब्लॉक करता येतो. फोन हातात आहे, शेजाऱ्याला रेंज आहे आणि तुमचंच सिम तासभर मेलेलं आहे, तर दुसऱ्या फोनवरून मोबाइल कंपनीला विचारा की माझ्या नंबरचं डुप्लिकेट सिम कोणी काढलं का. ‘नेटवर्कचं काय, येईल’ म्हणून झोपी जाऊ नका.

मला हे जमत नाही. मुलाला पासवर्ड देऊन ठेवू का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात अवघड प्रश्न. घरोघरी हेच चालतं. मुलगा प्रामाणिक आहे यात शंका नाही. पण पासवर्ड दिला की बँकेच्या दृष्टीने सगळे व्यवहार तुम्हीच केलेले असतात, आणि उद्या काही घोळ झाला तर ‘पासवर्ड दुसऱ्याला दिला होता’ हे एक वाक्य वरच्या परिपत्रकातली तुमची बाजू लंगडी करतं. दोन भावंडं असतील तर पुढे काय होतं ते मी सांगायला नको.

त्याऐवजी सरळ मार्ग आहेत. मुलाला खात्यात जोडीदार करून घ्या, म्हणजे त्याला स्वतःचा आयडी मिळेल. किंवा खातं चालवायचं अधिकारपत्र बँकेत द्या. मोठी रक्कम निराळ्या खात्यात किंवा मुदत ठेवीत ठेवून रोजच्या खर्चाचं छोटं खातंच ऑनलाइन ठेवा. हा माझा सगळ्यात आवडता उपाय. काही बिनसलं तरी नुकसान छोटं. उलट बाजूने, मुलगा स्वतःच्या खात्यातून तुमचा खर्च करणार असेल तर ‘यूपीआय सर्कल’ आहे: खातं त्याचं, स्कॅन तुम्ही करायचं, महिन्याला जास्तीत जास्त १५,००० रुपये.

आणि नॉमिनी लावा. नोव्हेंबर २०२५ पासून खात्याला चार नॉमिनी ठेवता येतात. माणूस गेल्यावर त्याचा पासवर्ड वापरून पैसे काढणं ही अनेक घरांत साधी गोष्ट मानली जाते. कायद्याने ती साधी नाही.

मी परदेशात असतो, इथलं सिम चालू ठेवायलाच हवं का?

एनआरई किंवा एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीच्या खात्याला अनेक बँका परदेशी नंबर जोडून देतात. अमेरिका, इंग्लंड, सिंगापूर, अमिराती, ऑस्ट्रेलिया अशा काही देशांच्या नंबरांवर या खात्यांचं यूपीआयही चालतं, मात्र बँक त्यात सामील हवी. अनिवासी झाल्यावर जुनं साधं बचत खातं तसंच चालू ठेवणं नियमात बसत नाही, ते एनआरओ करून घ्या.

बँकच हॅक झाली तर माझ्या पैशांचं काय?

पुण्यात झालेलं आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत शिरून हल्लेखोरांनी अनेक देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी आणि हाँगकाँगमधल्या एका खात्यात पाठवून सुमारे ९४ कोटी रुपये पळवले. ग्राहकांच्या खात्यांना धक्का लागला नाही, तोटा बँकेचा होता, असं बँकेने तेव्हा सांगितलं. एका ग्राहकाचा फोन फसवून पैसे काढणं आणि बँकेची यंत्रणा फोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही काळजी करायची ती पहिलीची.

बँक तक्रार ऐकतच नाही.

लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. नोव्हेंबर २०२१ पासून सगळ्या देशासाठी एकच योजना आहे, तक्रार ऑनलाइन करता येते, शुल्क नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८. थेट लोकपालाकडे गेलात, बँकेला आधी न विचारता, तर तक्रार परत येते.

नेटबँकिंग घेतलं की पासबुक आणि शाखा बंद होतात का?

नाही. पासबुक भरून घेता येतं, चेक चालतो, शाखेचं दार उघडंच असतं.

आणि नको वाटलं तर?

केव्हाही बंद करता येतं. नुसतं पैसे पाठवणं बंद करून पाहण्याची सोय चालू ठेवता येते, किंवा पाठवायची मर्यादा स्वतःच कमी करून ठेवता येते, दिवसाला १०,००० सुद्धा. पूर्ण बंद करायचं तर शाखेत अर्ज द्या, पोच घ्या, आणि फोनमधून अॅप काढण्याआधी त्यात जाऊन यूपीआयची नोंदणी रद्द करा; अॅप नुसतं पुसल्याने ती जात नाही. एसएमएसच्या सूचना मात्र बंद करायला सांगू नका. त्यांचा नेटबँकिंगशी संबंध नाही, आणि एटीएममधून कोणी पैसे काढले तर कळतं ते त्यांच्यामुळेच.